वटवाघळं घालवा, पण मे महिन्यात नव्हे

पावसाळ्याआधी घर शाकारायचं, ही कोकणपट्टीची जुनी रीत. वटार, नाळे, निर्मळ, भुईगाव, आगाशी अशा वसईच्या पश्चिमेकडच्या गावांत, वाड्यांच्या आत, अजून काही कौलारू घरं उभी आहेत. एप्रिल संपत आला की त्यांच्या भिंतींना शिड्या लागतात, फुटकी कौलं बदलली जातात, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहिलं जातं. माळ्यावर वटवाघळं असतील तर त्यांचाही निकाल याच वेळी लावायचं ठरतं. माणूस छपरावर चढलेलाच असतो, मजुरी एकदाच द्यावी लागते आणि पाऊस सुरू झाला की काही करता येत नाही. हिशेब सरळ आहे. पण वटवाघळं घालवायला वर्षभरातला सर्वांत वाईट काळ कोणता, असं विचारलं तर उत्तर हेच येईल : एप्रिल, मे आणि जून.

राहत्या घरातून वटवाघळं हलवण्यात गैर काहीच नाही. देवापुढे लेंड्या पडतात, माजघरात मुताचा उग्र दर्प भरून राहतो, पाहुण्यांना ओटीच्या पलीकडे बोलवायची लाज वाटते. तान्हं मूल झोपतं त्याच खोलीच्या आढ्याला पन्नास-शंभर वटवाघळं लटकत असतील तर त्या घरातल्या बाईला निसर्गसाखळीचं व्याख्यान देण्यात अर्थ नाही. घर माणसांचं आहे. वाद आहे तो फक्त वेळेचा आणि रीतीचा. चुकीच्या महिन्यात, चुकीच्या रीतीने हे काम केलं की वटवाघळं मरतातच, शिवाय घरातल्या माणसांना आधी जेवढा धोका होता त्यापेक्षा जास्त होतो. ही दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही.

मुळात ती घरात येतात कशाला? वटवाघूळ घरटं बांधत नाही, लाकूड कुरतडत नाही, वायर तोडत नाही. त्याला हवी असते अंधारी, उबदार आणि वर्दळ नसलेली जागा. पूर्वी चुलीचा धूर आढ्यापर्यंत पोचायचा, माळ्यावर भात, कांदे, सरपण असायचं आणि दिवसातून चार वेळा कुणीतरी वर चढायचं. आता चूल गेली, माळा रिकामा झाला, मुलं फ्लॅटमध्ये किंवा परदेशात राहायला गेली. सातबाऱ्यावर वारसांची नावं दहा, पण माळ्यावर चढून पाहणारा एकही नाही. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला तर चढणंही शक्य नसतं. वटवाघळांची वस्ती हे बहुतेक वेळा घर ओस पडत चालल्याचं लक्षण असतं, आणि लक्षणावर औषध मारून आजार जात नाही.

घरात दिसणारी वटवाघळं सगळी एका जातीची नसतात. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत. माणसाच्या घराशी ज्यांचा संबंध येतो त्या त्यांतल्या थोड्याच. अंगठ्याएवढ्या देहाच्या, ज्यांना गावात पाकोळ्या म्हणतात त्या कौल आणि रीप यांच्या फटीत, भिंतीच्या तड्यात शिरून बसतात आणि रात्री डास, पतंग, भातावरचे किडे खातात. पिवळसर पोटाची, त्याहून थोडी मोठी एक जात आहे. तीही कीटक खाणारीच. मोठ्या कानांची एक जात मात्र वेगळी. ती अंधाऱ्या खोलीत वाशांना उघड लटकते आणि टोळ, पाली, बेडूक, प्रसंगी उंदरांची पिल्लंही पकडून आणून तिथेच खाते. सकाळी बंद खोलीच्या जमिनीवर पतंगांचे पंख आणि बेडकाचा पाय पडलेला दिसला तर करणीचा संशय घेण्यापूर्वी एकदा वर पाहावं.

चौथा प्रकार सर्वांत जास्त तक्रारींचा आणि सर्वांत सोपा. चिकू, पेरू, देशी बदाम किंवा केळं तोंडात धरून पडवीत येणारं, तासभर लटकून खाणारं आणि भिंतीवर लाल-काळे डाग व चोथा टाकून जाणारं छोटं फळभक्षी वटवाघूळ. ते त्या घरात राहतच नाही, राहतं माडाच्या किंवा ताडाच्या झावळीखाली. पडवी ही त्याची फक्त जेवायची जागा. त्यामुळे ते घालवण्याचा प्रश्नच येत नाही. लटकायच्या जागी काही रात्री दिवा चालू ठेवला किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या हलत्या सोडल्या की ते जेवायला दुसरीकडे जातं. मोठी, घारीएवढ्या पंखांची वटवाघळं तर वड-पिंपळासारख्या मोठ्या झाडांवरच असतात, घरात येत नाहीत. आणि रक्त पिणारी वटवाघळं भारतात नाहीत. त्यांच्या तिन्ही जाती अमेरिका खंडातल्या.

माळ्यावर पडलेल्या लेंड्या उंदरांच्या की वटवाघळांच्या, हेही आधी ओळखावं लागतं. काडीने दाबून पाहिलं तर कीटकभक्षी वटवाघळाची लेंडी भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे दिसतात. उंदराची लेंडी कडक राहते. वसईसारख्या पाणथळ भागात हा फरक महत्त्वाचा आहे. लेप्टोस्पायरोसिसची काळजी उंदरांसाठी करायची असते, आणि पुष्कळ घरांत दोष वटवाघळांच्या माथी जातो तेव्हा खाली उंदीर मजेत असतात.

भीतीचं मोठं कारण अर्थात विषाणू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांत निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडल्याची बातमी जून २०२१ मध्ये आली. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. साहजिकच लोक हादरले. प्रतिपिंडं प्रामुख्याने सापडली ती फळं खाणाऱ्या, गुहेत राहणाऱ्या जातीत. छोट्या कीटकभक्षी जातीचाही त्यात थोडा सहभाग होता. प्रतिपिंडं म्हणजे त्या प्राण्याचा कधीतरी विषाणूशी संबंध आला होता याची खूण. केरळमध्ये २०१८ साली कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत निपाहने १७ जणांचा बळी घेतला, तेव्हा माग लागला तो झाडांवर राहणाऱ्या मोठ्या फळभक्षी वटवाघळांपर्यंत. घराच्या कौलात बसणाऱ्या पाकोळ्यांपर्यंत नव्हे. बांगलादेशात हा आजार येतो तो मुख्यतः खजुरीच्या झाडाच्या कच्च्या रसातून, रात्री मडक्याला मोठी वटवाघळं तोंड लावतात म्हणून. वसई-पालघरच्या पट्ट्यात ताडी आणि नीरा काढणाऱ्यांनी मडक्याचं तोंड जाळीने झाकावं, ही सूचना माळ्यावरच्या वटवाघळांना हाकलण्यापेक्षा कितीतरी कामाची आहे.

धोका शून्य आहे, असा याचा अर्थ नाही. कोणत्याही जंगली प्राण्याच्या अंगावर माणसाला न मानवणारे सूक्ष्मजीव असू शकतात, वटवाघळांच्या तर नक्कीच. पण नेमकं म्हणूनच त्यांना पकडू नये, झोडपू नये, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळवू नये. दुरून, हात न लावता, त्यांची ती बाहेर जातील असं करावं. ज्याला लोक दयाळू पद्धत म्हणतात, तीच आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित पद्धत असते.

याचा धडा आफ्रिकेत मिळाला आहे. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ साली कामगारांना मारबर्ग विषाणूचा संसर्ग झाला. खाणीत फळभक्षी वटवाघळांची प्रचंड वस्ती होती. ती संपूर्ण मारून टाकण्यात आली. काही वर्षांत खाणीत वटवाघळं परत आली, आणि २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा परिसरात मारबर्गची साथ उद्भवली. संशोधकांनी तपासलं तेव्हा नव्या वस्तीतल्या १३.३ टक्के वटवाघळांत विषाणू सापडला. मारण्यापूर्वी हे प्रमाण ५.१ टक्के होतं. जुनी, संसर्ग होऊन गेलेली वटवाघळं गेली आणि त्यांच्या जागी कधीच संसर्ग न झालेली तरुण वटवाघळं आली, असं त्याचं संभाव्य स्पष्टीकरण दिलं जातं. मारबर्ग हा भारतातला आजार नाही, खाण म्हणजे घर नव्हे, हे खरंच. पण रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही, हे वटारच्या माळ्यालाही लागू आहे. फट उघडी ठेवून वटवाघळं मारली तर पुढच्या वर्षी दुसरी येणारच.

सरकारी रुग्णालयात येणाऱ्या त्रासांची जातकुळी पाहिली तर वटवाघळांपेक्षा त्यांच्यावरच्या उपायांची काळजी जास्त वाटावी. माळ्यावर गंधक जाळलं की निघणारा वायू खाली उतरतो आणि दमेकऱ्याची श्वासनलिका आवळतो. मिरचीच्या धुराचंही तेच. डांबरगोळ्या किलोने पसरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बंद घरात त्यांची वाफ साठते. काही जणांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होते. बाळात ही कमतरता आहे हे बहुतेक घरांत ठाऊकही नसतं. कीटकनाशकाच्या फवाऱ्याने अर्धमेली झालेली वटवाघळं खालच्या खोल्यांत, अंथरुणात, पाण्याच्या हंड्यापाशी पडतात, आणि ती उचलताना चावतात. एरवी वर्षानुवर्षं जवळ राहूनही न होणारा स्पर्श नेमका त्या दिवशी होतो. आणि सर्वांत साधा, सर्वांत दुर्लक्षित अपघात म्हणजे छपरावरून पडणं. वाळवीने पोखरलेला वासा, शेवाळलेलं कौल, संधिप्रकाश आणि हातात पेटता टेंभा. मोडलेला मणका विषाणूपेक्षा खूप लवकर ओळखता येतो.

आता महिन्यांकडे. भारतीय वटवाघळांच्या विणीचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्रातच झाला. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही दशकं तो केला. मादीच्या शरीरात शुक्राणू आठवडेच्या आठवडे जिवंत साठवून ठेवले जातात आणि गर्भधारणा सोयीच्या ऋतूपर्यंत लांबवली जाते, हे या कामातून काही भारतीय जातींत दिसलं. हेतू एकच : पिल्लू जन्माला येईल तेव्हा खाणं मुबलक असावं. मोठ्या कानांच्या जातीची पिल्लं एप्रिलच्या सुमाराला होतात, पिवळसर पोटाच्या जातीची पावसाच्या सुरुवातीला. बहुतेक माद्यांना एका वेळी एक, फार तर दोन पिल्लं. पहिले काही आठवडे ते उडू शकत नाही. आई रात्री खायला जाते तेव्हा ते माळ्यावरच राहतं.

मे महिन्यात फट बुजवली तर आई बाहेर, पिल्लू आत. दोन दिवसांनी वास सुटतो, आठवड्याने अळ्या छतातून खाली पडतात. काही माद्या पिल्लाकडे जाण्यासाठी इतक्या आटापिट्याने मार्ग शोधतात की ज्या खोलीत कधी आल्या नव्हत्या तिथे खिडकीतून शिरतात. घरमालकाला वाटतं, वटवाघळं चवताळली.

त्यामुळे मार्च ते सप्टेंबर वटवाघळांना हात लावू नये. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की मग. वसईत तर हे आणखी सोयीचं आहे. नाताळापूर्वी ख्रिस्ती घरांत रंगरंगोटी आणि डागडुजी निघतेच, वाडीतली कामं थोडी हलकी असतात, छप्पर कोरडं असतं. कौलं परतण्याचं काम मेऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केलं तर पुढच्या पावसाला घर तेवढंच तयार राहतं. काही छोट्या पाकोळ्या वर्षातून एकाहून अधिक वेळा वितात, म्हणून डिसेंबरमध्येही आधी विजेरीच्या मंद उजेडात एकदा पाहून घ्यावं. गुलाबी, केस नसलेली पिल्लं दिसली तर महिनाभर थांबावं.

काम कसं करायचं? दोन-तीन संध्याकाळी, सूर्यास्तापासून अर्धा-पाऊण तास, दोघांनी घराच्या दोन बाजूंना खुर्ची टाकून बसायचं आणि वटवाघळं कुठून बाहेर पडतात ते पाहायचं. भिंतीवर त्या जागी तेलकट, काळपट डाग असतो. सेंटिमीटरभर फटही पाकोळीला पुरते. मुख्य वाटा सोडून बाकीच्या फटी दिवसा चुना-सिमेंटने किंवा बारीक जाळीने बंद करायच्या. मुख्य वाटेवर नायलॉनची बारीक जाळी पडद्यासारखी लावायची, वरून आणि दोन्ही बाजूंनी घट्ट, खालून मोकळी, फटीच्या हातभर खाली येईल एवढी. बाहेर पडणारं वटवाघूळ सरपटत खाली येतं आणि निसटतं. परतताना ते थेट फटीकडे उडतं आणि जाळीला अडतं. आठवडाभर जाळी तशीच ठेवायची, मग एका संध्याकाळी कुणी बाहेर येत नाही याची खात्री करून ती फट बुजवायची.

ही पद्धत स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या घराला नीट बसते. जुन्या कौलारू घराला, खरं सांगायचं तर, तितकी नाही. मंगलोरी कौलांच्या छपराला फटी दोनशे असतात, त्या सगळ्यांना जाळ्या कोण लावणार? तिथे उपाय उलटा आहे : जागा नकोशी करणं. आढ्याजवळ दोन-चार काचेची कौलं बसवली, माळ्यावरची अडगळ काढली, समोरासमोरचे झरोके उघडून वारा खेळता केला की उघड लटकणारी जात आपण होऊन हलते. घराचा वापर सुरू झाला तर आणखी लवकर. वळचणीला जाळी मारता येते. बाजारात मिळणाऱ्या कर्णातीत आवाजाच्या यंत्रांवर मात्र पैसे घालवू नयेत. त्यांचा भरवसा नाही. माळा वापरात नसेल, वस्ती लहान असेल आणि खाली कुणी झोपत नसेल तर आणखी एक मार्ग आहे. खाली ताडपत्री अंथरायची, महिन्यातून एकदा ती ओली करून गोळा करायची आणि खत वाडीत मुरवायचं.

स्वच्छतेत चूक महागात पडते. वर्षानुवर्षं साठलेल्या वाळक्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडल्या की धुळीतून बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जाऊ शकतात. हिस्टोप्लाझ्मोसिस हा त्यातला मुख्य आजार. भारतात तो अधिक आढळतो गंगेच्या खोऱ्यात, कोकणात नव्हे. पण तो झाला तर खोकला, ताप, वजन घटणं आणि छातीच्या एक्स-रेवरचे डाग पाहून क्षयाचाच संशय येतो आणि महिनोनमहिने क्षयाची औषधं चालू राहू शकतात. जुनं छप्पर उतरवल्यावर दोन-तीन आठवड्यांत असा खोकला सुरू झाला तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. साफ करण्याआधी लेंड्यांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी हलक्या हाताने शिंपडून त्या पूर्ण भिजवायच्या, एन-९५ मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, ओला गाळ पिशवीत भरायचा. दमेकरी, गरोदर स्त्रिया, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधं घेणारे आणि लहान मुलं त्या दिवशी घरात नसावीत.

चुकून एखादं खोलीत शिरलं तर पहिल्यांदा पंखा बंद. मग दिवे बंद, खिडक्या उघड्या, आणि सगळ्यांनी बाहेर. बहुतेक वेळा ते दहा-पंधरा मिनिटांत निघून जातं. चावलं, ओरखडलं, किंवा झोपलेल्या मुलाच्या अंथरुणात सापडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. भारतात वटवाघळापासून माणसाला रेबीज झाल्याचं निर्णायकपणे सिद्ध झालेलं नाही. इथला रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांमुळे. पण नागालँडमधल्या वटवाघळांत त्या कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली आहेत, श्रीलंकेत असा एक विषाणू प्रत्यक्ष सापडला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी आलेला थेट संपर्क सर्वांत गंभीर वर्गात धरते. लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं, हळद लावणाऱ्या शेजाऱ्याने नव्हे.

वटवाघळं जगली तर माणसाला काय मिळतं, याचं एक अनपेक्षित मोजमाप अमेरिकेत झालं. तिथे २००६ पासून एका बुरशीने कीटकभक्षी वटवाघळं मोठ्या संख्येने मरू लागली. शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक यांनी २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं, की ज्या भागांत ती मेली तिथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला आणि त्याच भागांत अर्भकमृत्यूही जवळपास ८ टक्क्यांनी वाढले. अमेरिकेतला मका आणि वसईतला भाजीपाला एक नव्हे. तरी ज्या पट्ट्यात पानवेल, केळी, फुलं आणि भाजी घराच्या उंबऱ्यापर्यंत आहे आणि विहिरीही तिथेच आहेत, तिथे फवारणी वाढणं कुणाच्या पोटात जाईल हे सांगायला नको.

कायद्याची भूमिकाही बदलली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात फळभक्षी वटवाघळं उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून दुरुस्ती लागू आहे. पण कागद बदलल्याने वटारच्या माणसाला फोन कुणाला करायचा हे कळत नाही. घरात साप निघाला तर सर्पमित्र मिळतो. वटवाघळांसाठी मिळतो तो कीटकनाशक फवारणारा. त्याच्याकडे औषध असतं, कॅलेंडर नसतं. महापालिकेने आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेने वन विभागाच्या मदतीने प्रत्येक भागातल्या दोन-तीन सर्पमित्रांना, सुतारांना आणि छपराची कामं करणाऱ्यांना एक दिवस हे शिकवलं तर खर्च नगण्य आहे.

त्यांत छपराची कामं करणारे सर्वांत आधी हवेत. घरमालक खाली अंगणात उभा असतो. कौलं उचलून वर्षांची साठलेली लेंडी हाताने बाजूला करणारा मजूर, बहुतेकदा आदिवासी पाड्यावरून रोजाने आलेला, तोंडाला जेमतेम गमछा बांधून तिथे दिवसभर धूळ खातो. त्याला खोकला सुरू होतो तेव्हा काम संपलेलं असतं आणि तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या छपरावर असतो. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, कमरेला दोर आणि मजबूत शिडी, एवढं सामान मजुरीच्या बोलणीतच ठरलं पाहिजे. ज्यांना वटवाघळं वारंवार हाताळावी लागतील, त्यांना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच द्यायला हवी. ती देण्याची सोय सरकारी रुग्णालयात करता येते, फक्त कुणीतरी त्यांची यादी दिवाळीपूर्वी तिथे पोचवायला हवी.